पांढऱ्या टोपीची नळी

आकडा चुकीच्या नळीला आला होता. पहिल्यांदा तिला वाटलं ते एवढंच. भीती नाही, काळजी नाही, रोजच्या कामातला साधा वैताग. सकाळपासून मशीन शहाण्या मुलासारखं चाललं होतं. यंत्रवाल्यांच्या निळ्या टोप्यांच्या नळ्या आणि निरोगी माणसांच्या पांढऱ्या टोप्यांच्या नळ्या आलटूनपालटून आत जात होत्या आणि पडद्यावर आकडे उतरत होते, निळ्याला मोठा, पांढऱ्याला लहान, निळ्याला मोठा, पांढऱ्याला लहान. त्या लयीत तिला जरा पेंग आली होती. मग एका पांढऱ्या टोपीसमोर चार आकडी संख्या आली आणि तिच्या शेजारी मशीननं लाल बाण काढला. तिच्या मागोमाग आलेल्या निळ्या टोपीला इतका लहान आकडा मिळाला की एखाद्या पोहणाऱ्या पोराचा वाटावा. नळ्यांवर नुसते क्रमांक असतात, कुणाची कुठली हे चाचणी करणाऱ्याला कळू नये असा नियम आहे. पण या दोन नळ्या तिनं स्वतः भरल्या होत्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात, आणि क्रमांकही स्वतःच चिकटवले होते. निळी सासऱ्यांची होती. पांढरी नवऱ्याची.

अभ्यास तसा सरळ होता. ज्यांचं हृदय थकलंय आणि म्हणून ज्यांच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय, त्यांच्यातलं कोण सावरणार आणि कोण नाही हे रक्तावरून आधीच सांगता येईल का, एवढाच प्रश्न. हृदयावर ताण आला की त्याच्या भिंती एक प्रथिन रक्तात सोडतात. ताण जेवढा मोठा तेवढा आकडा मोठा. ज्याचा आकडा यंत्र बसवल्यावरही उतरत नाही, त्याच्या घरच्यांना मोठे सर आपल्या खोलीत बोलावतात आणि दार लोटून घेतात. सरांनी तिला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की विचित्र आकडा आला तर आधी नळीवर संशय घ्यायचा, मग मशीनवर, माणसावर सगळ्यांत शेवटी. ती तेच करत होती. नळ्यांची अदलाबदल झाली होती. घाईत, घरी, चहाच्या गडबडीत, तिच्याच हातून. म्हणजे मोठा आकडा बाबांचा. म्हणजे बाबा चालले.

हे वाक्य मनात पूर्ण झालं आणि तिचे खांदे खाली आले. दोन्ही खांदे, आपोआप, एखादी जड पिशवी जमिनीला टेकल्यावर येतात तसे. ती खुर्चीत तशीच बसून राहिली. आपल्या अंगानं आत्ता काय केलं ते तिला कळलं होतं आणि ते परत घेता येत नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नवऱ्याआधी सासऱ्यांशी तिची गट्टी जमली होती. तिचे स्वतःचे वडील कमी बोलायचे, हे दिवसभर बोलायचे. चाळीस माणसांची बस जन्मभर चालवलेला माणूस. घरात कुणी उभं राहिलं तरी ‘पुढे सरका, आत जागा आहे’ म्हणायचा. तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसले ते हेच. आणि आता त्यांच्या नावावर मरण लिहिताना तिला हलकं वाटलं होतं. एका क्षणापुरतं, पण वाटलं होतं. मशीन पुढच्या नळ्या घेत होतं. निळ्याला मोठा, पांढऱ्याला लहान.

ती सकाळ तिला लख्ख आठवत होती, आणि त्याचाच त्रास होत होता. बाबांना दवाखान्यातली रक्त काढायची खुर्ची आवडत नाही, म्हणून ती सामान घरी घेऊन आली होती. बाबा जेवणाच्या टेबलाशी बाही वर करून बसले. “बघ रे,” ते मुलाला म्हणाले, “लोकांच्या सुना सकाळी चहा देतात. आपल्याकडे आधी भाडं घेतात, मग चहा.” नवरा दाराच्या चौकटीला टेकून हसत होता. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कामाचे कपडे घालून, हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघायच्या बेतात होता. ती म्हणाली, “तुझं पण देतोस का? निरोगी पुरुष कमी पडतायत आम्हाला.” “निरोगी पुरुष!” बाबा म्हणाले. “ऐकलंस? घे, लिहून घे हिच्याकडून. परत म्हणणार नाही.” मग नवऱ्यानं बापाच्या शेजारी हात ठेवला. दोन हात, एक सुरकुतलेला आणि एक भरलेला, आणि कोपराच्या खोबणीत तीच शीर, तशीच तिरकी, मध्ये तशीच जरा उजवीकडे वळलेली. तिनं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “एका साच्यातले आहात अगदी.” “साचा माझा,” बाबा म्हणाले, “माल जरा हलका लागला.” तिघंही हसले होते. रक्त काढल्यावर लगेच, त्या माणसासमोर, नळीवर क्रमांक लावायचा, हे तिनं किती शिकाऊ पोरींना बजावलं होतं. त्या दिवशी दोन्ही नळ्या आधी कपात उभ्या राहिल्या, चहा उतू गेला, ती धावली, आणि रंगीत टोप्या नि क्रमांक नंतर लागले. एवढीच फट होती. त्या फटीत ती आता आपला सगळा संसार घालू पाहत होती.

तिनं दोन्ही नळ्या पुन्हा लावल्या. मशीनवर संशय घेण्याची पाळी होती. आकडे आले ते जवळजवळ तेच. ती पाणी प्यायली. खिडकीबाहेर सामानाच्या ट्रकमधून कुणीतरी पुठ्ठ्याचे खोके उतरवत होतं आणि प्रत्येक खोक्याला ‘हळू, हळू’ म्हणत होतं. बाबांना ती कसं सांगणार होती? त्यांनी स्वतःला केव्हाच सांगून ठेवलं होतं. यंत्र बसवून घरी आले त्याच दिवशी त्यांनी त्याला नाव दिलं, कंडक्टर. “मी आपला ड्रायव्हर,” छातीवरचा उंचवटा चाचपत ते म्हणाले, “आता हा घंटा देणार तेव्हा गाडी निघणार. उलट सुलट वागलो तर मागून दणका घालणार.” यंत्राचा तो विजेचा दणका एकदाच बसला होता, पहिल्या महिन्यात, कपडे वाळत घालताना ते एकदम मागे फेकल्यासारखे झाले आणि भिंतीला टेकून म्हणाले, “बाप रे, घोड्यानं लाथ मारली.” त्या दिवसापासून सगळं घर त्यांच्या मरणाभोवती मांडलं गेलं. त्यांचा पलंग बाथरूमजवळ आला. त्यांना जिना मना झाला, ओझं मना झालं. त्यांनी आपले स्वेटर वाटून टाकले, मीटरच्या किल्ल्या कुठे आहेत ते नातीला दोनदा दाखवलं, आणि एकदा जेवताना सहज विचारलं, “मी गेल्यावर माझी खुर्ची कोण घेणार?” नवरा ताडकन म्हणाला, “काहीही बोलू नका हो, बाबा.” पण खुर्ची त्यानंच घेतली होती, वेगळ्या अर्थानं. बाबांच्या दाराशी तो ती आरामखुर्ची ओढून रात्री तिच्यात झोपायला लागला. रात्री दणका बसला तर जवळ कुणी हवं, म्हणाला. ती कौतुकानं सगळ्यांना सांगायची.

दोन नळ्या हातात घेऊन ती उठली. फट बुजवायला एक साधा उपाय होता आणि तो तिला पहिल्या क्षणापासून माहीत होता. बाबांचा रक्तगट बी, नवऱ्याचा ओ. नळीत लाल पेशी उरलेल्या नसल्या तरी वरचं पिवळं पाणी गट सांगतं: ए आणि बी गटाच्या तयार पेशींत त्याचा थेंब टाकायचा. बी गटाच्या माणसाचं पाणी फक्त ए पेशींची गुठळी करतं. ओ गटाच्या माणसाचं दोन्हींची. खालच्या मजल्यावरच्या रक्तपेढीत मिनिटांचं काम. ती गेली नव्हती कारण एकदा गेलं की फट उरणार नव्हती.

रक्तपेढीतली तिची मैत्रीण डबा उघडून बसली होती. जिभेला हाड नसलेली बाई, पण हात सोन्याचे. तिनं वर पाहिलं. “काय गं? तोंड का उतरलंय? सर ओरडले?”

“नाही. दोन थेंब बघून दे. उलटा गट. कुणाचे ते विचारू नकोस.”

“नाही विचारत. घरचे आहेत.”

“कशावरून?”

“परक्यांचे असते तर फोन केला असतास. जिना उतरून आलीस, आणि वर नळ्या मुठीत धरल्यायस, चोरून चॉकलेट आणल्यासारख्या.” बोलता बोलता तिनं हात धुतले, काचेची पट्टी पुढे ओढली, थेंब घातले, आणि पट्टी डावीउजवीकडे हलवायला लागली, लहान बाळ झोपवतात तशी. ती बघत राहिली. मनात ती देवाचं नाव घेत नव्हती, प्रार्थना करत नव्हती. ती फक्त म्हणत होती, एकाच बाजूला, एकाच बाजूला. पांढऱ्या टोपीचं पाणी बाबांचं निघावं. एकाच बाजूला गुठळी व्हावी आणि म्हाताऱ्यानं मरावं. हे ती इतक्या स्पष्ट शब्दांत मागत होती की आपलाच आवाज तिला बाहेर ऐकू येईल असं वाटलं. पट्टीवर डाव्या थेंबात लाल रवा उठला. मग उजव्या थेंबात.

“पांढरी टोपी ओ,” मैत्रीण म्हणाली. दुसऱ्या नळीवर गेली. “निळी बी. झालं? एवढ्यासाठी माझं जेवण थंड केलंस?”

“अदलाबदल नाही म्हणजे.”

“नाही. क्रमांक बरोबर आहेत. तू कधी चुकतेस?” मग मैत्रिणीनं तिच्याकडे नीट पाहिलं. “ए. बस खाली. बस. काय झालंय?”

तिनं सांगितलं. उभ्यानंच, थोडक्यात. मैत्रीण आधी हसली, कारण बातमीचा पहिला अर्धा भाग चांगला होता: बाबांचं हृदय सुधारलं होतं. यंत्रानं दोन्ही बाजू एका तालात आणल्या होत्या, सूज उतरली होती; कंडक्टरनं गाडी मार्गाला लावली होती. मग हसू थांबलं. “पण पांढऱ्यात याला कुणी घेतलं?” मैत्रीण म्हणाली. “रुग्णाचे रक्ताचे नातेवाईक निरोग्यांत घ्यायचे नाहीत ना?”

“कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं चालतात. माझा नवरा म्हणून घेतला.”

“अगं, तुझा नवरा तो तुझ्यापुरता. त्यांचा तर मुलगाच ना?”

 नियम तिला पाठ होते, दोन्ही. तिनं एका नियमाखाली त्याला आत घेतलं आणि दुसरा नियम तिच्या डोळ्यांसमोर असून दिसला नाही. कारण तिच्या मनात तो कुणाचा मुलगा नव्हताच. तो घरातला धडधाकट माणूस होता, ज्याच्यावर बाकीच्यांना टेकायचं असतं. तिरक्या शिरेवर बोट फिरवून ‘एका साच्यातले’ असं तीच म्हणाली होती, आणि त्यावर हसून चहाकडे धावली होती. जे आजार साच्याबरोबर येतात त्यांच्यावरची व्याख्यानं तिनं ऐकली होती, सरांच्या भाषणाची चित्रं तिनंच लावून दिली होती. घरी त्या ज्ञानाचा एक थेंब तिनं नेला नव्हता. मैत्रीण म्हणाली, “आधी सरांना सांग.” मग, जरा थांबून, “आणि तुमची लेक?” ती म्हणाली, “आत्ता नको. आत्ता तेवढं विचारू नकोस.”

ती सरांकडे गेली. सरांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, आणि दार लोटून घेतलं. तेवढ्या एका कृतीनं तिला सगळं सांगितलं. त्यानंतर ते जे बोलले, उद्या सकाळी आणा, सोनोग्राफी करू, घाबरू नका, लवकर कळलंय, औषधं आहेत, गरज पडली तर यंत्रही आहे, ते तिनं लोटलेल्या दाराकडे बघत ऐकलं. “त्याला काही त्रास होतो का?” सरांनी विचारलं. “दम? पायाला सूज? झोपताना?” तोंड उघडून ती ‘नाही’ म्हणणार होती.

परतीच्या बसमध्ये तिला सगळं एकामागून एक दिसायला लागलं आणि थांबवता येईना. तो खुर्चीत झोपतो. बाबांसाठी, म्हणतो. पण मागच्या आठवड्यात बाबा बहिणीकडे राहायला गेले होते, दार उघडं, खोली रिकामी, आणि हा तरीही खुर्चीतच होता. “सवय लागली गं,” म्हणाला होता. आडवं झाल्यावर श्वास कोंडणारा माणूस उशा रचतो आणि शेवटी खुर्ची धरतो, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. त्यानं नवे बूट एक माप मोठे आणले. ती म्हणाली होती, “पाय वाढतायत का तुझे या वयात?” आणि तो म्हणाला होता, “अक्कल वाढत नाही म्हटल्यावर काहीतरी वाढायला हवं.” मोज्यांचे वळ त्याच्या घोट्यांवर खोल उठायचे, दोरी बांधल्यासारखे, तिनं मोज्यांना दोष दिला. खोकला आला, तिनं लिफ्टच्या खड्ड्यातल्या धुळीला दोष दिला. दिवसभर तो लिफ्टनं वर जातो, लिफ्टनं खाली येतो; जगात जिने आहेत याची परीक्षा फक्त घरी, कारण त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. बाबा त्यावरून कितीदा त्याची टर उडवायचे. आणि बाबांना ओझं मना झाल्यापासून पाण्याचे डबे, भाजीच्या पिशव्या, धान्याची पोती, सगळं हाच वर आणत होता. ते सगळं तिनं बाहेरच्यांना सांगितलं होतं, मान उंच करून: असा मुलगा मिळायला नशीब लागतं. आजार घरभर फिरत होता, चपला घालून, दिव्याखालून, आणि ती त्याला माया म्हणत होती. खोटंही नव्हतं ते. मायाही होतीच. खुर्चीत झोपलेल्या माणसानं एक डोळा बापाच्या दाराकडे ठेवलेला तिनं स्वतः पाहिला होता. आता दोन गोष्टी वेगळ्या करता येणार नव्हत्या, कुठल्याच मशीनवर.

इमारतीच्या तळाशी सावली होती. ती पहिला जिना चढून वळली आणि वर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, तिला तो दिसला. दुपारी जेवायला आला असावा. दोन्ही बाजूला भाजीच्या भरलेल्या पिशव्या खाली ठेवलेल्या, पाठ भिंतीला, मान खाली, हातात फोन. नेहमीचं दृश्य. या वळणावर त्याला हमखास मेसेज यायचे. ती पुढे जायची आणि ओरडायची, नंतर बघ रे ते. तिच्या चपलांचा आवाज त्याला आला नव्हता. ती चार पायऱ्या खाली उभी राहिली. त्याचा अंगठा हलत नव्हता. तोंड किंचित उघडं होतं आणि मानेची शीर उडत होती. फोनच्या काचेत जिन्याची खिडकी उलटी दिसत होती. पडदा काळा होता.

मग त्यानं तिला पाहिलं. “अरे, तू? एवढ्या लवकर?” आणि फोन जरा वर करून, “ऑफिसचा मेसेज आलाय.”

वरून दार उघडल्याचा आवाज आला. “किती वेळ रे?” बाबांचा आवाज जिन्यात घुमला. “लिफ्टबिफ्ट अडकली की काय?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या सपाता फटफटत खाली यायला लागल्या, हलक्या, एका तालात, मध्ये कुठेही न थांबता. कठड्यावरून त्यांनी वाकून पाहिलं. “ही पण आली? मग उभे कशाला दोघं पाहुण्यांसारखे? आणा इकडे एक पिशवी.”

“बाबा, वर जा,” नवरा म्हणाला. वाक्याच्या मध्येच त्यानं श्वास घेतला. “तुम्हाला उतरायला कुणी सांगितलं?”

“घेऊ दे त्यांना,” ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“दोन्ही पिशव्या. बाबांना घेऊ दे.”

“वेड लागलंय का तुला?”

“आज रिपोर्ट आला, बाबा,” ती म्हणाली. आपला आवाज इतका सरळ कसा, याचं तिला नवल वाटलं. “तुमचं हृदय चांगलं आहे. खूप चांगलं. कंडक्टर मन लावून काम करतोय.”

“काय सांगतेस!” बाबा क्षणभर तसेच राहिले. मग त्यांचा चेहरा उजळत गेला, आणि त्यांनी खाली वाकून दोन्ही पिशव्या उचलल्या, त्यांचं वजन हातात तोलत, मूल उचलल्यासारख्या. “चला, पुढे सरका! आत जागा आहे!” ते चढायला लागले. सपाता फटफटत वर गेल्या.

“अगं, मग हे असं तोंड करून काय सांगतेस?” नवरा हसत होता. खरोखर आनंदानं हसत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. “केवढा ताण होता माझ्यावर तुला माहीत नाही. आता मी सुखानं झोपेन.” हसता हसता खोकला आला, आणि त्यानं कठडा धरला.

“बस,” ती म्हणाली.

“कुठे?”

“इथेच. पायरीवर. बस जरा.” ती आधी बसली आणि शेजारी जागा केली. तो बघत राहिला. तिच्या तोंडाकडे, मग तिच्या हाताकडे, जो त्याच्या मनगटावर आला होता आणि नुसता आला नव्हता, नाडीवर टेकला होता. त्याचं हसू गेलं नाही, फक्त त्याच्यामागचं माणूस निघून गेलं. तो हळूच खाली बसला. ऑफिसचा मेसेज तो विसरला. बंद फोन त्यानं तसाच खिशात ठेवला, आणि त्याला तो बंद करावा लागला नाही हे दोघांनीही पाहिलं.

वर, त्यांच्या मजल्याच्या जरा अलीकडे, बाबांची पावलं थांबली होती. दम लागून नव्हे.